डब्यावरचे सूर्यफूल, मातीतला भुईमूग

२९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली आणि तिचा वनस्पती तुपाचा कारखाना खानदेशातल्या अमळनेरला उभा राहिला. ही कंपनी पुढे 'विप्रो' या नावाने संगणकाच्या धंद्यात गेली, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या सुरुवातीच्या दिवसांतला एक लहानसा तपशील मात्र फारसा कुणी लक्षात घेत नाही. अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या एका छापाचे नाव 'सनफ्लॉवर' होते.

त्या काळी आपल्या देशात सूर्यफूल बागेत शोभेला लावीत, तेलासाठी शेतात पेरीत नसत. तेलबी म्हणून ते आले १९६९ मध्ये. तेव्हा सुरुवातीच्या काळात या डब्याला सूर्यफुलाचे फक्त नाव होते. त्या काळातले वनस्पती तूप मुख्यतः भुईमुगाच्या तेलाचे असे. पुढे कायद्याने त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक झाले. तिळाच्या तेलाची साध्या रासायनिक चाचणीत लाल रंगाने ओळख पटते, त्यामुळे लोणकढ्या तुपातली भेसळ पकडता येई. म्हणजे डब्याच्या आत भुईमूग आणि तीळ ही खानदेशच्या ओळखीची दोन पिके होती, आणि बाहेर एका अनोळखी पिकाचे नाव.

नावातले ते सूर्यफूल पुढे खरोखरच शेतात आले. काही वर्षांतच ते संकरित होऊन आले आणि दरवर्षी दुकानातून पिशवी विकत घेण्याची सवय सोबत घेऊन आले. डब्यातला भुईमूग मात्र कधीच संकरित झाला नाही. त्याच्या शेंगा आजही कितीतरी घरांत पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढून ठेवतात. एकाच तेलाच्या घाण्यावर येणाऱ्या या दोन पिकांची नशिबे इतकी वेगळी का झाली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना कंपन्या, सरकार, बाजार यांच्याआधी फुलाकडे पाहावे लागते, आणि फुलानंतर संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावरच्या त्या झाडांकडे, ज्यांना 'शुद्ध वंश' म्हणतात.

शुद्ध वंश म्हणजे काय

एका झाडाचा पराग त्याच झाडाच्या फुलावर पाडायचा, आलेले बी पेरायचे, त्या झाडांवर पुन्हा तेच करायचे. असे सहा-सात पिढ्या केले की त्या वंशातली सगळी झाडे एकसारखी होतात. उंची सारखी, फुलोऱ्याचा दिवस सारखा, दाणा सारखा. डेन्मार्कच्या योहानसेन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावरच्या प्रयोगांतून अशा शुद्ध वंशाची कल्पना मांडली. घेवडा स्वतःच स्वतःचे परागीकरण करतो, त्यामुळे त्याला या शुद्धतेचा काही त्रास होत नाही.

मक्याचे तसे नाही. मका वाऱ्यावर पराग सोडणारे, परक्याशी संबंध जोडून जगणारे पीक. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी मक्याचे शुद्ध वंश तयार केले तेव्हा दर पिढीत झाडे खुजी होत गेली, कणसे लहान झाली. पण असे दोन दुबळे वंश एकमेकांशी जोडले की पुढच्या पिढीत जोमदार झाड उभे राहते, हे त्यांनी १९०८ मध्ये मांडले. यालाच आपण संकर जोम म्हणतो. हा जोम एकाच पिढीपुरता असतो. त्या पिकाचे बी राखून पुन्हा पेरले की आजी-आजोबांचे गुण विखरून बाहेर पडतात. कुठे उंच झाड, कुठे बुटके, कुठे आठ दिवस उशिरा फुलणारे.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. घेवडा, भुईमूग अशा पिकांत शुद्ध वंश हाच शेवटचा माल असतो. पैदासकाराने निवडलेला वंश शेतकऱ्याच्या हाती जातो आणि तिथेही तो शुद्धच राहतो. संकरित पिकांत शुद्ध वंश हा कच्चा माल असतो. तो शेतकऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. शेतकऱ्याला मुलाचे नाव कळते, आईबापांचे नाही. आईबाप पैदासकाराच्या कुंपणाआड राहतात.

धुळ्याची बाजरी

खानदेशात ही दोन्ही कामे चालतात, आणि तीही एकाच कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे तेलबिया संशोधन केंद्र जळगावला आहे आणि बाजरी संशोधन योजना धुळ्याला. दोन गावांत जेमतेम नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचे अंतर. बाजरी तेलबी नव्हे, हे खरे. पण संकरित बियाण्याची यंत्रणा खानदेशी शेतकऱ्याने आधी जवळून पाहिली ती अन्नपिकांत, आणि सूर्यफुलाच्या वाट्याला जे आले त्याची तालीम बाजरीवर होऊन गेली होती. म्हणून तिच्यापासून सुरुवात.

बाजरीच्या कणसात हजारो इवलाली फुले असतात. एकेका फुलातला पुंकेसर चिमट्याने काढून संकरित बी तयार करणे माणसाच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी मुळातच पराग न देणारी मादी हवी. अशी नरवंध्य बाजरी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी तयार केली. तिचे नाव 'टिफ्ट २३ ए'. तिच्या आधारे लुधियानाच्या अठवाल यांनी १९६५ मध्ये 'एचबी-१' हा संकरित वाण दिला.

नरवंध्य मादी सांभाळण्याचे गणित मोठे गमतीचे आहे. ती स्वतः पराग देत नाही, मग तिचा वंश पुढे कसा चालवायचा? त्यासाठी तिचे जुळे भावंड लागते. बाकी सर्व बाबतींत तिच्यासारखेच, फक्त पराग देणारे. त्याचा पराग तिच्यावर पडला की पुन्हा तिच्यासारख्याच वंध्य मुली निपजतात. शेतकऱ्यासाठी बियाणे करायचे तेव्हा तिच्याशेजारी तिसराच वंश लावतात. त्याच्या परागाने जी संतती होते ती वंध्य राहत नाही, तिच्यात दाणे भरतात. असे तीन वंश दरवर्षी वेगवेगळ्या, एकमेकांपासून दूरच्या तुकड्यांत राखावे लागतात. एका तुकड्यात वाऱ्याने परका पराग आणला की त्या वर्षाची मेहनत वाया गेली.

'टिफ्ट २३ ए' ही एकच आई देशभरातल्या संकरित बाजरीला मिळाली. १९७०-७१ मध्ये देशात बाजरीचे विक्रमी, साधारण ८० लाख टन उत्पादन झाले. पुढच्याच वर्षी गोसावी रोगाने संकरित बाजरीला गाठले. या रोगात कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे गुच्छ निघतात, जटा वाढवलेल्या गोसाव्यासारखे. सगळ्यांची आई एकच आणि ती या रोगाला बळी पडणारी, त्यामुळे रोगाला शेतामागून शेत मोकळे मिळाले. त्या दशकात एकामागून एक संकरित वाण बाद झाले.

या धड्यानंतर आपल्या पैदासकारांनी आपल्या मातीतल्या, रोगाला तोंड देणाऱ्या आया आणि बाप तयार करायला घेतले. राहुरीची 'श्रद्धा' आणि 'सबुरी' ही संकरित बाजरी त्यातून आली. शिर्डी तिथून जवळच, त्यामुळे नावे कुठून आली ते सांगायला नको. धुळ्याहून अलीकडच्या काळात 'आदिशक्ती' आणि लोह-जस्त जास्त असलेली 'महाशक्ती' आली. साक्री-शिंदखेड्याच्या हलक्या जमिनीत संकरित बाजरीने भाकरी पिकवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या भाकरीमागे धुळ्याच्या प्रक्षेत्रावरचे खुजे, अनामिक वंश आहेत, एवढेच इथे नोंदवायचे.

जळगावचा भुईमूग

आता जळगावकडे येऊ. भुईमुगाचे पिवळे फूल सकाळी उमलते, पण त्याचे लग्न उमलण्याआधीच आतल्या आत लागून गेलेले असते. फूल सुकते, आऱ्या सुटतात, जमिनीत शिरतात आणि शेंग मातीत धरते. परक्या परागाला आत यायला वावच नाही. हजारो वर्षे असेच चालत आल्यामुळे शुद्धतेने भुईमूग दुबळा होत नाही.

दोन वाणांचा संकर करायचाच तर आदल्या संध्याकाळी कळी चिमट्याने उघडून पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या पहाटे दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. एवढे करून साधले तर एक शेंग, तिच्यात एक किंवा दोन दाणे. आणि भुईमूग पेरायला हेक्टरी शंभर किलोच्या आसपास दाणे लागतात. बाजरीला तीन-चार किलो बी पुरते, सूर्यफुलाला पाच-सहा. भुईमुगाचे संकरित बियाणे बाजारात का नाही, याचे उत्तर या हिशेबातच आहे. पैदासकार भुईमुगात संकर करतात, पण तो नवा वंश निवडण्यासाठी. एकदा निवड झाली की पुढे सरळ वाण म्हणूनच तो शेतात जातो.

जळगाव केंद्राचे सर्वांत गाजलेले काम असेच सरळ वाणाचे आहे. परदेशातून आलेल्या 'ईसी ९४९४३' या नमुन्यातून निवड करून त्यांनी 'जेएल-२४' हा उपटा वाण काढला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो प्रसारित झाला आणि 'फुले प्रगती' या नावाने ओळखला जाऊ लागला. तोवर महाराष्ट्रात 'एसबी-११' चे राज्य होते. 'जेएल-२४' लवकर तयार होणारा, शेंगा बुडाशी एकवट धरणारा. पावसाने लवकर पाठ फिरवली तरी पदरात काही पडेल, हा त्याचा मोठा गुण. तो खानदेशापुरता राहिला नाही. देशातल्या कितीतरी राज्यांत गेला, आणि तिथून पुढे आफ्रिकेत. मलावी देशात तो 'काकोमा' या नावाने प्रसारित झाला. जळगावात निवडलेला वंश दुसऱ्या खंडातल्या शेतकऱ्याच्या घरात बी म्हणून राहिला, कारण तो राहू शकत होता. त्याला दरवर्षी आईबापांकडे परत जावे लागत नव्हते.

तिळाची गोष्ट मधली आहे. तिळाचे फूल अलगद ओढले की पाकळीला चिकटलेले पुंकेसर तिच्यासोबतच निघून येतात, एका बोंडात पन्नास-साठ दाणे भरतात आणि बियाणे हेक्टरी तीन-चार किलोच लागते. म्हणजे हाताने संकर करण्याला इथे भुईमुगाइतकी अडचण नाही. तरीही आपल्याकडे संकरित तीळ रुजला नाही. जळगावचे 'तापी', 'पद्मा', 'जेएलटी-४०८' हे तिळाचे नावाजलेले वाण सरळ वाणच आहेत. पीक पावसाच्या भरवशावरचे, उत्पन्न थोडे, त्यामुळे महाग बियाणे परवडण्याचा प्रश्नच नव्हता. फूल वाट देते, पण त्या वाटेने जायचे की नाही हे शेताचे अर्थकारण ठरवते.

सूर्यफूल येते

सूर्यफूल मूळचे अमेरिकेचे, पण तेलबी म्हणून त्याला घडवले रशियाने. क्रास्नोदारच्या पुस्तोवोइत यांनी अनेक दशके निवड करून त्यातले तेलाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांच्या जवळ नेले. १९६९ मध्ये आपल्याकडे आलेले 'पेरेडोविक' आणि इतर वाण याच परंपरेतले. ते संकरित नव्हते. शेतात झाडे उंचसखल येत, आणि मधमाश्या कमी पडल्या की ताटाच्या मध्यभागी दाणे पोचट राहत, कारण त्या सूर्यफुलाला स्वतःचा पराग मानवत नसे.

नेमक्या १९६९ सालीच फ्रान्समध्ये लेक्लेर्क यांना रानटी सूर्यफुलाच्या संकरातून नरवंध्य मादी मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत किनमन यांनी फलनक्षमता परत आणणारा नर शोधला. दोन टोके जुळली. भारतातला पहिला संकरित वाण 'बीएसएच-१' १९८० मध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून आला. त्याची आई 'सीएमएस २३४ ए' आणि बाप 'आरएचए २७४', दोघेही अमेरिकी वंश. संकरित झाडे एका उंचीची, एकाच वेळी फुलणारी, आणि स्वतःच्या परागाने दाणे भरण्याची ताकद जास्त असलेली. शेतकऱ्याने ते उचलले यात नवल नाही.

१९८०च्या दशकात मराठवाड्यात, लातूर भागात, सूर्यफुलावर केवडा रोग दिसला. भारतातली त्याची ती पहिली नोंद. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने केवड्याला तोंड देणारे वंश हाताशी धरून नवे संकरित वाण दिले. बाजरीने जो धडा दिला होता तो इथे कामी आला, कारण रोग आला तेव्हा आईबाप बदलण्याची सोय राज्यातल्याच एका सरकारी केंद्रात होती. त्याच काळात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात सुरू केलेल्या 'महिको'चे संकरित सूर्यफूलही बाजारात होते. सरकारी आणि खासगी दोन्ही नांगर एकाच शेतात चालत होते.

१९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले. दहा वर्षांच्या आत देशातले तेलबियांचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सूर्यफुलाखालचे क्षेत्र २५ लाख हेक्टरांच्या वर गेले होते. मग १९९४ पासून तेलाच्या आयातीची दारे उघडत गेली, १९९७ मध्ये विषाणूमुळे होणारा शेंडामर आला, पावसाने दगा दिला, भाव पडले. आज सूर्यफूल दोन-तीन लाख हेक्टरांवर येऊन ठेपले आहे. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा जळगावच्या किराणा दुकानात सूर्यफुलाचे तेल का महागले, याचे कारण या घसरणीत आहे.

शेजारी आणि आईबाप

खानदेशच्या सीमेपलीकडे गुजरातेत एरंडीने वेगळी वाट धरली. एरंडीच्या कणसावर वर मादी फुले आणि खाली नर फुले असतात. अमेरिकेतल्या टेक्सासहून आलेल्या, जवळपास सगळीच मादी फुले देणाऱ्या 'टीएसपी १० आर' या वंशाच्या आधारे १९६८ मध्ये 'जीसीएच-३' हा संकरित वाण तयार झाला. पुढे तिथल्याच विजापूरच्या 'व्हीपी-१' या मादी वंशावर नवे संकर उभे राहिले. आज जगातली सर्वाधिक एरंडी भारतात पिकते आणि त्यातली बहुतेक गुजरातेत. आई आयात केली, मग घरची आई घडवली, आणि तिला सोडले नाही.

करडईत १९९७ मध्ये दोन संकरित वाण आले. त्यांची पद्धत अशी, की मादीच्या ओळीतली निम्मी झाडे पराग देणारीच निघत. फुलोरा लागताच ती एकेक ओळखून उपटावी लागत, आणि तीही काटेरी करडईत. हे काम किती जिकिरीचे, हे खुरपणीला गेलेल्या कोणत्याही बाईला सांगावे लागणार नाही. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पुढे २००१ मध्ये 'एनएआरआय-एनएच-१' हा बिनकाटेरी संकरित वाण दिला.

आणि कापूस? सरकी हीही तेलबीच. सुरतेच्या सी. टी. पटेल यांचा 'एच-४' हा संकरित कापूस १९७० मध्ये आला, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज खानदेशातला कापूस उत्पादक जवळजवळ पूर्णपणे दुकानातल्या पाकिटावर आहे.

आपल्या देशाने २००१ मध्ये पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. शेतातले बी राखणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्याला देणे, अगदी छापाशिवाय विकणे हा शेतकऱ्याचा हक्क त्यात मान्य आहे. जगातल्या अनेक देशांना असा कायदा करता आलेला नाही. पण भुईमूग उत्पादकाला हा हक्क जसा वापरता येतो तसा सूर्यफूल किंवा कापूस उत्पादकाला येत नाही. कायदा अडवत नाही, बी अडवते. संकरित सूर्यफुलाचे राखलेले बी पेरले तर झाडे उंचसखल येतात, त्यातली काही परागच देत नाहीत.

म्हणून संकरित पिकात शेतकऱ्याच्या हक्काचा प्रश्न एक पायरी वर सरकतो. बी कुणाच्या घरात, याऐवजी आईबाप कुणाच्या घरात, असा तो होतो. आईबाप सरकारी केंद्रात असतील तर कोणताही बीजोत्पादक गट, कोणतीही सहकारी संस्था पायाभूत बियाणे घेऊन, चारशे मीटरचे विलगीकरण पाळून, तीन ओळी मादी आणि एक ओळ नर लावून आपल्या तालुक्यात संकरित सूर्यफुलाचे बियाणे तयार करू शकते. आईबाप फक्त एखाद्या कंपनीच्या शीतगृहात असतील तर त्या पिकाचे भवितव्य कंपनीच्या नफ्याशी बांधले जाते. क्षेत्र घटले की कंपनीला त्यात रस राहत नाही, रस गेला की नवे वंश घडत नाहीत. आणि आजही जगातले जवळजवळ सगळे संकरित सूर्यफूल लेक्लेर्क यांच्या त्याच एका वंध्य मादीच्या पेशीद्रव्यावर उभे आहे. 'टिफ्ट २३ ए' ची आठवण असणाऱ्याला हे वाचून स्वस्थ वाटू नये.

हे वंश राखण्याचे काम दिसत नाही. नवा वाण जाहीर होतो तेव्हा समारंभ होतो. त्याची आई दरवर्षी वेगळ्या तुकड्यात पेरणे, पहाटे कळ्यांना पिशव्या बांधणे, भेसळ झाड दिसताच उपटणे, आठ-दहा किलो बी डब्यात भरून त्यावर नाव लिहिणे, याचा समारंभ होत नाही. एखाद्या वर्षी पैसा आला नाही, मजूर मिळाला नाही, मदतनीसाची जागा रिकामी राहिली, तर वर्तमानपत्रात बातमी येत नाही. वंश मात्र मिसळतो किंवा मरतो, आणि तो परत आणायला पुन्हा सहा-सात पिढ्या लागतात.

अमळनेरच्या डब्यावरचे सूर्यफूल हे नाव होते, पीक नव्हते. आपल्या स्वयंपाकघरातल्या पिशवीवर आज जे सूर्यफूल छापलेले असते, त्यातले तेल बहुतांशी परदेशातून येते. म्हणजे पाऊणशे वर्षांनी आपण पुन्हा नावाशीच येऊन थांबलो आहोत. ते शेतात परत आणायचे असेल तर अनुदानाच्या आकड्यांबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी लागेल. या पिकाचे आईबाप आज कोणत्या प्रक्षेत्रावर उभे आहेत, आणि यंदा त्यांना पेरायला कुणी माणूस आहे का?